किंमत वसईची, सौदा सुरतेचा

(वसई येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वसईच्या किल्ल्याचा इतिहास सांगायचा म्हटले की तो १७३९ च्या मे महिन्यापाशी येऊन थांबतो. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला. तो पराक्रम थोरच होता, त्याचा उत्सव होतो आणि तो व्हावाच. परंतु हाच किल्ला १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांच्या तोफांपुढे पडला. १८०२ च्या डिसेंबरात याच वसईत एका पेशव्याने आपल्या स्वातंत्र्यावर सही करून दिली. या दोन डिसेंबरांची आठवण वसईत फारशी निघत नाही. पराभव साजरे करण्याची चाल नसते हे खरे; परंतु राजकारण शिकायचे असेल तर ते पराभवातूनच अधिक शिकता येते.

एखादी बलाढ्य सत्ता शेजारच्या राज्यातील बंडखोराला हाताशी धरते, त्याला पैसा, शस्त्रे, पलटणी पुरवते, आणि जगाला मात्र आपला या भानगडीशी संबंध नाही असे सांगते. विसाव्या शतकाने हा प्रकार निकाराग्वात पाहिला, अफगाणिस्तानात पाहिला. एकविसाव्या शतकाने सीरियात पाहिला. अशा युद्धांकडे तत्त्वांच्या, धर्माच्या किंवा छावण्यांच्या चष्म्यातून पाहण्याची सवय जडली आहे. अर्थशास्त्राचा चष्मा लावला तर मात्र ती एक देवघेव दिसते. तिला लेखी अथवा अलिखित करार असतो, तारण असते, हप्ते असतात, आणि मुख्य म्हणजे किंमत असते. सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी अशा एका सौद्यात किंमत म्हणून जी वस्तू लिहिली गेली ती म्हणजे वसई. म्हणून हा विषय वसईकरांना परका नाही.

आरंभ करायचा तो राघोबादादांपासून नव्हे, मुंबईपासून. अठराव्या शतकातील मुंबई म्हणजे बेटांचा एक पुंजका. बंदर उत्तम, गोदी उत्तम. पण भात पिकवायला जमीन तुटपुंजी. धान्य, जळण, गुरे, जहाजांना लागणारे सागवान हे सारे खाडीपलीकडून यायचे. साष्टी आणि वसई ज्याच्या हाती त्याच्या हाती मुंबईचे पोट, आणि वाटेवरची जकातही त्याच्याच हाती. १७३९ नंतर ही किल्ली मराठ्यांकडे गेली व तेव्हापासून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांना स्वस्थ झोप नव्हती. पोर्तुगीजांच्या पडत्या काळातही कंपनीची वृत्ती कशी होती ते एका तपशिलावरून कळते: वसईच्या वेढ्यात पोर्तुगीजांनी मदत मागितली तेव्हा कंपनीने फौज दिली नाही, चर्चमधील चांदीची भांडी व तोफा गहाण ठेवून घेऊन पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले. शेजारी बुडत असताना दोर टाकण्याआधी त्याच्याकडून अंगठी काढून घेणारा हा व्यापारी होता.

१७७२ साली कंपनीने टॉमस मॉस्टिन याला वकील म्हणून पुण्यास धाडले. साष्टी, वसई व मुंबईच्या आसपासची बेटे मिळवण्याची खटपट करणे हे त्याच्या कामगिरीचे मुख्य अंग होते. तारखा येथे महत्त्वाच्या आहेत. थोरले माधवराव त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात थेऊरला वारले. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. म्हणजे इंग्रजांना वसई हवी होती ती पुण्यात बंड होण्यापूर्वीपासून. मागणी आधी ठरली होती. ती पुरी करून देईल असा बंडखोर नंतर सापडला. महासत्तांच्या अशा सर्व व्यवहारांत हाच क्रम असतो, आणि प्रचारात तो नेमका उलटा करून सांगितला जातो: बिचाऱ्या बंडखोरांची हाक ऐकू आली आणि करुणेपोटी धावून जावे लागले, असा.

नारायणरावांच्या खुनाविषयी नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी भरपूर लिहिले आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. रघुनाथराव पेशवे झाले, बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध फळी उभारली, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि दादांच्या हक्काचा आधारच गेला. फौज पांगू लागली, तिजोरी रिकामी झाली. हा मनुष्य एके काळी अटकेपर्यंत गेलेला सेनानी होता. आता तो सुरतेच्या इंग्रज कोठीशी बोलणी करीत होता.

या बोलण्यांत प्रथम वसईवरच घोडे अडले होते. वसई द्यायला दादाही नाखूश होते, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. परंतु मुंबईकरांनी वाट पाहिली नाही. पोर्तुगीज साष्टी परत घेण्याच्या बेतात आहेत अशा वार्तेचे निमित्त करून १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला चढवला आणि तो घेतला. साष्टी ताब्यात आली. मग ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. कंपनीने सुमारे अडीच हजारांची फौज द्यावी. दादांनी तिच्या खर्चापोटी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत. रोख नसल्यामुळे सहा लाखांचे जवाहीर तारण म्हणून ठेवावे. आणि साष्टी व वसई कंपनीला कायमची तोडून द्यावी, शिवाय सुरत-भडोच भागातील महसुलाचा हिस्सा.

या कलमांकडे जमाखर्चाच्या नजरेने पाहावे. फौजेचा खर्च बंडखोराचा. म्हणजे कंपनीची पदरमोड नाही. तारण बंडखोराचे, म्हणजे बुडण्याची भीती थोडी. आणि नफा म्हणून जी वसई लिहून घेतली ती मुळात रघुनाथरावांच्या ताब्यातच नव्हती. तेथे पुण्याच्या कारभाऱ्यांचे ठाणे होते आणि पुढली पाच वर्षे ते तसेच राहिले. ज्याच्याकडे द्यायला स्वतःचे काही नसते तो दुसऱ्याचे देतो. बंडखोराला परकी मदत महाग पडते ती यामुळेच. तो जितका दुबळा, तितके त्याचे वचन मोठे. खऱ्या अर्थाने सामर्थ्यवान बंडखोर धनकोला नकोच असतो; स्वतःच्या पायावर उभा राहिलेला माणूस व्याजाचा दर विचारतो.

या दस्तऐवजावर आगाशीच्या, सोपाऱ्याच्या, पापडीच्या कुणब्याची, आगऱ्याची, कोळ्याची, ख्रिस्ती बागाईतदाराची सही नव्हती हे सांगायलाच नको. त्या काळी प्रजेला विचारण्याची रीत नव्हती, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे; पण ती रीत नंतरच्या काळात तरी कितीशी आली?

आता या व्यवहारातील छुपेपणाकडे वळू. सुरतेचा तह मुंबई सरकारने आपल्या अखत्यारीत केला होता. १७७३ च्या नियामक कायद्याने युद्ध व तह यांवर देखरेखीचा अधिकार कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाला मिळाला होता. त्या मंडळाने हा तह अन्यायाचा व बेकायदा ठरवला आणि कर्नल अप्टन याला पुण्याकडे पाठवले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला: सुरतेचा तह रद्द, राघोबांना नेमणूक, त्यांनी कोपरगावी राहावे, कंपनीने त्यांचा पक्ष सोडावा. साष्टी मात्र कंपनीकडेच राहावी आणि युद्धखर्चापोटी पुण्याने कंपनीला बारा लाख रुपये द्यावेत! मार खाणाऱ्यानेच काठीचे पैसे मोजावेत, असा हा न्याय होता. तो कलकत्त्याच्या सज्जनांचा.

या तहावरची शाई वाळते न वाळते तोच लंडनहून संचालकांचे पत्र आले: सुरतेचा तह त्यांना पसंत होता. मुंबईकरांनी दादांना आश्रय दिला, खर्चाला पैसा दिला, आणि पुण्यातील असंतुष्टांशी संधान चालू ठेवले. १७७८ साली मोरोबा फडणीसांच्या पक्षाने नाना फडणीसांविरुद्ध उचल खाल्ली तेव्हा दादांना परत आणण्याची बोलणी मुंबईशी झालेलीच होती. म्हणजे एकाच कंपनीची तीन तोंडे: कलकत्ता तह करते, मुंबई तो मोडते, आणि लंडन सोयीप्रमाणे मान डोलावते. पुण्याने जाब विचारला तर प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत होते. पुढे विसाव्या शतकात गुप्तहेर खाती स्थापून, संसदेपासून चोरलेल्या निधीतून जे साधण्यात आले, ते अठराव्या शतकात टपालाच्या विलंबानेच साधत असे.

ही केवळ इंग्रजांची खोड मानू नये. पुरंदरचा तह झाला त्याच १७७६ साली फ्रान्स अमेरिकेतील बंडखोर वसाहतींना इंग्लंडविरुद्ध चोरून मदत करू लागला होता. त्यासाठी नाटककार बोमार्शे याच्या नावावर एक खोटी व्यापारी पेढी काढण्यात आली. फ्रान्स व स्पेन यांच्या राजांनी तीत प्रत्येकी दहा लक्ष लिव्हर ओतले, आणि तोफा, बंदुका, दारूगोळा माल म्हणून जहाजांवर चढला. ती मदत देणगी होती की कर्ज, हा वाद पुढे अनेक दशके चालला. बोमार्शेच्या वारसांना काही रक्कम मिळाली ती १८३५ साली. फ्रान्सच्या राजाला मात्र हे साहस फारच महाग पडले. १७७८ पासून उघड युद्ध, त्यासाठी काढलेली कर्जे, आणि १७८९ साली दिवाळखोरीच्या दारात भरवावी लागलेली सभा. छुप्या मदतीचे हप्ते कधी कधी धनकोलाही फेडावे लागतात.

याच फ्रान्सचा सँ-ल्युबँ नावाचा एक माणूस १७७७ साली पुण्यास आला होता. नानांनी त्याचा सत्कार केला आणि इंग्रजांना धाक बसेल इतपत त्याला मिरवले. परंतु राज्य त्याच्यावर टाकले नाही. नाना फडणीसांच्या कारभारात लोकशाहीवाद्याने वाखाणावे असे फार नाही. पण हा हिशेब त्यांना कळत होता, असे म्हणावे लागेल.

१७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईची फौज दादांना घेऊन बोरघाटाकडे निघाली. शत्रूने गावे रिकामी केली, वैरण जाळली. तळेगावपाशी हाय खाल्लेल्या सेनापतींनी तोफा तळ्यात टाकून पाय मागे घेतला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरणागतीचा करार करावा लागला. हा करार आमच्या अधिकाऱ्यांनी अधिकार नसताना केला, असे सांगून इंग्रजांनी तोही पुढे झिडकारला. तीन तोंडे पुन्हा कामी आली.

त्यानंतरचे युद्ध हे आता राघोबांसाठी नव्हतेच. १७८० च्या पावसाळ्यानंतर जनरल गॉडर्ड वसईवर आला. मुंबईची तिजोरी तळाला गेली होती आणि कोकणच्या भातावर फौजेची भिस्त होती. कर्नल हार्टलीच्या पलटणी कल्याणच्या बाजूला राहिल्या त्यात पुण्याहून येणारी मदत अडवणे हा जसा हेतू होता, तसे उभे पीक व रसद हाती राखणे हाही होता. युद्धाच्या इतिहासात हे वाक्य ओझरते येऊन जाते. कापणीचा हंगाम, आणि खळ्यावर कोणाची पलटण आधी पोचते याची शर्यत. पीक इंग्रजांनी नेले तर मराठी अंमलदार सारा मागणार, मराठ्यांनी नेले तर इंग्रज. कुळाने भात कोणासाठी लावले होते, हा प्रश्न दोन्ही छावण्यांत कोणाला पडल्याचे दिसत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून वेढा बसला. इंग्रजांनी पद्धतशीर मोर्चे बांधले, तोफा डागल्या आणि ११ डिसेंबर १७८० रोजी वसई त्यांच्या स्वाधीन झाली. दुसऱ्याच दिवशी वज्रेश्वरीजवळ दुगाडला रामचंद्र गणेश कानडे हे हार्टलीवर चालून जाताना पडले. उत्तर हिंदुस्थानच्या मोहिमांत नाव काढलेला हा सरदार वसई सोडवायला निघाला होता. ज्या वसईसाठी तो मेला ती आदल्या दिवशीच गेली होती. जानेवारीत अर्नाळाही इंग्रजांनी घेतला. १७७५ साली कागदावर लिहून घेतलेली किंमत कंपनीने अशी स्वतः येऊन वसूल केली.

१७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने हिशेब मिटला. हैदरअली, फ्रेंच, अमेरिका अशा सर्व आघाड्यांवर गुंतलेल्या इंग्रजांना तह हवा होता. त्यांनी वसई परत केली, साष्टी ठेवली. आणि राघोबादादा? त्यांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली, तीही पेशव्यांच्या तिजोरीतून. ज्याला गादीवर बसवण्यासाठी सात वर्षे रक्त सांडले त्याला कंपनीने एका कलमात सोडून दिले. १७८३ च्या डिसेंबरात ते वारले. आज नायगाव-भाईंदरदरम्यानचा खाडीपूल लोकलने ओलांडणारा नोकरदार रोज सकाळी सालबाईची सरहद्द ओलांडतो: उत्तरेची बाजू परत मिळालेली, दक्षिणेची राखून ठेवलेली. त्याला हे माहीत असण्याचे कारण नाही. डब्यात उभे राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

वसई परत मिळाली, पण किती काळ? सुरतेच्या तहाच्या दोनच महिने आधी धारला राघोबांना मुलगा झाला होता. तोच दुसरा बाजीराव. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि बाजीराव पळत कोकणात उतरून इंग्रजांच्या जहाजाने वसईस आले. ३१ डिसेंबर रोजी येथे तह झाला. किमान सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख, परराज्यांशी बोलणी इंग्रजांच्या संमतीने. काटेकोर बोलायचे तर बाजीराव बंडखोर नव्हते, गादीवरचे पेशवे होते. पण पदच्युत माणूस आणि बंडखोर यांची पत बाजारात सारखीच. बापाने साष्टी-वसई देऊ केली होती, मुलाने राज्याची लगाम दिली. पुढच्या मे महिन्यात इंग्रज फौजेने त्यांना पुण्याच्या गादीवर बसवले आणि १८१८ मध्ये त्याच इंग्रजांनी गादीच मोडली.

या हिशेबाची चौकट हाती घेऊन अलीकडच्या घटना तपासाव्यात. अफगाणिस्तानातील सोव्हिएट आक्रमण १९७९ च्या डिसेंबरातले. पण तेथील बंडखोरांना गुप्त मदत देण्याच्या आदेशावर अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी सही केली ती त्याच वर्षीच्या जुलैत. मॉस्टिन आणि खून यांच्या तारखांची आठवण यावी असा हा क्रम आहे. म्हणून सोव्हिएट फौजांचा अपराध कणभरही कमी होत नाही. एका स्वतंत्र देशात रणगाडे घुसवणाऱ्या राजवटीला समाजवादाचे नाव लावून घेण्याचा अधिकार उरत नाही. परंतु अमेरिकेचा पैसा पाकिस्तानच्या लष्करी गुप्तहेर खात्यामार्फत वाटला गेला, कोणत्या टोळीला किती द्यायचे ते त्या खात्याने ठरवले, १९८७ साली ही रक्कम सुमारे ६३ कोटी डॉलरपर्यंत गेली, आणि सोव्हिएट फौजा १९८९ मध्ये परतल्यावर अवघ्या तीन वर्षांत धनको निघून गेला. मागे उरलेल्या बंदुका काश्मीरपर्यंत पोचल्या. तेथे मेलेल्या माणसांना जुलै १९७९ च्या त्या कागदाची वार्ताही नव्हती.

निकाराग्वाची गोष्ट थोडक्यात. तेथील कॉन्ट्रा बंडखोरांना मदत करण्यास अमेरिकेच्या संसदेने बंदी घातली, तर इराणला शस्त्रे विकून आलेला पैसा चोरून त्यांच्याकडे वळवण्यात आला. १९८६ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेला दोषी ठरवले व भरपाईची जबाबदारी टाकली. अमेरिकेने तो निर्णय मानला नाही. १९९० मध्ये निकाराग्वात सत्तापालट झाला आणि नव्या सरकारने पुढल्या वर्षी दावाच काढून घेतला.

आणि आपला देश? तमिळांवरील अन्याय खरा होता, १९८३ चा नरसंहार खरा होता. परंतु श्रीलंकेतील सशस्त्र तमिळ गटांना भारताच्या भूमीवर प्रशिक्षण देण्यात आले ते केवळ त्या अन्यायाच्या चाडेपोटी नव्हते. १९८७ मध्ये शांतिसेना गेली, ज्यांना शिकवले त्यांच्याशीच लढली, आणि हजाराहून अधिक जवान गमावून १९९० मध्ये परतली. १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या साहेबांवर टीका करताना दिल्लीचा हा व्यवहार वगळता येत नाही.

समाजवादी कार्यकर्त्यापुढचा खरा पेच याहून जवळचा आहे. परदेशातील जुलमाविरुद्ध उठलेल्या लोकांना मदत करायचीच नाही, असे त्याला म्हणता येत नाही. तसे म्हटले तर गोव्यात १९४६ साली सत्याग्रहाला गेलेले लोहिया चुकले असे म्हणावे लागेल. तेथे हात उघडे होते, बदल्यात काही लिहून घेतले नव्हते. नेपाळचे उदाहरण मात्र इतके सोपे नाही. राणाशाहीविरुद्ध १९५० साली नेपाळी काँग्रेसने सशस्त्र उठाव केला. जयप्रकाश व लोहिया यांची सहानुभूती तिच्या पाठीशी होती, आणि ब्रह्मदेशातील समाजवाद्यांकडून शस्त्रे मिळवण्यात भारतीय समाजवाद्यांचा हात होता. हेतू निर्मळ होता. परंतु उठाव भारताच्या हद्दीतून चालला होता, आणि ज्याच्या अंगणातून तो चालला त्या सरकारचाही एक हिशेब होता. तडजोड झाली ती दिल्लीत: राजा, राणा आणि नेपाळी काँग्रेस यांच्यात, भारत सरकारच्या मध्यस्थीने. १९५१ च्या फेब्रुवारीत राणांसह संयुक्त मंत्रिमंडळ बसले. पश्चिम तराईत लढणाऱ्या के. आय. सिंह यांनी ही तडजोड मानायला नकार देऊन शस्त्रे खाली ठेवली नाहीत. तेव्हा त्यांचा बंदोबस्त करायला नेपाळ सरकारच्या विनंतीवरून सरहद्द ओलांडून जे सैन्य गेले ते भारताचे होते.